जहाजाचा नवरा

हिल्डा मार्फ्लीटने बस ड्रायव्हरशी लग्न केलं. का केलं असं कुणी विचारलं की ती सांगायची, "बस बुडत नाही." हॅल्बीत हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागत नसे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रिम्सबीच्या खाली असलेलं हे लहान बंदर. हिल्डाच्या लहानपणी तिच्या गल्लीतल्या बहुतेक घरांचे पुरुष ट्रॉलरवर असायचे. ट्रॉलर म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणारं मासेमारीचं जहाज, आणि तेव्हा ती सगळी वाफेवर चालत.

वाफेबद्दल आता मोठ्या कौतुकाने लिहिलं जातं. शिडाच्या होड्या वारा पडला की थांबायच्या, तुफान दिसलं की परतायच्या. वाफेच्या जहाजाला ना थांबायची गरज उरली ना परतायची, आणि मग माणसांनाही थांबायची सोय उरली नाही. जाळं दिवसरात्र काही तासांनी वर यायचं. उघड्या डेकवर, गुडघाभर माशांत उभं राहून ते साफ करायचे, तोवर पुढचं जाळं तयार. दोन जाळ्यांच्या मध्ये जी मिळेल ती झोप. खाली बॉयलरपाशी कोळसा ओढणाऱ्याला तर दिवस कुठला, रात्र कुठली तेही दिसत नसे. हिल्डाचा बाप वॉल्टर मार्शल हे काम करायचा, 'एल्डरबेरी' नावाच्या जहाजावर. राणी व्हिक्टोरिया जिवंत असताना बांधलेलं ते जहाज १९२७च्या जानेवारीत फेरो बेटांकडे गेलं आणि परत आलं नाही. नऊ माणसं होती. वायरलेस नव्हता. नंतर शेटलंडच्या किनाऱ्याला जहाजाचं नाव लिहिलेलं एक लाइफबॉय, बुडत्याला तरंगवणारं कडं, लागलं, तेवढंच.

सरकारी चौकशीने कारण अज्ञात असल्याचं सांगितलं. हॅल्बीच्या बायकांना मात्र कारण माहीत होतं. हिल्डाच्या आईने, ॲडाने, जहाज सुटायच्या दिवशी कपडे धुतले होते.

मच्छीमारांच्या बंदरांत तो नियम होता. पुरुष निघेल त्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत, नाहीतर तो लाटेबरोबर धुऊन जातो. ॲडाला हा नियम तोंडपाठ होता. 'एल्डरबेरी' मंगळवारी सुटणार होती, म्हणून सोमवारच्या नेहमीच्या धुण्यासाठी तिने रविवारी रात्री कपडे भिजत घातले. सोमवारी उजाडायच्या आधी कंपनीचा माणूस दार ठोठावून गेला. कंपनीच्या कारभाऱ्याने बेत बदलला होता. शेजारच्या बंदरातल्या जहाजांच्या आधी मासळी बाजारात आणायची, म्हणून जहाज सकाळच्याच भरतीला काढा. वॉल्टर अर्धा चहा टाकून गेला. ॲडासमोर टबभर भिजलेले कपडे राहिले. तिने ते पिळले आणि मागच्या गल्लीत दोरीवर टाकले. गल्लीतल्या प्रत्येकीने ते पाहिले.

पुढचं हिल्डा अनेकदा सांगायची, आवाज न चढवता. बेकरीत आई शिरली की बायका पाठ फिरवायच्या. जाळी विणायच्या कारखान्यात तिला काम मिळेना, कारण तिच्या हातची गाठ असलेलं जाळं जहाजावर नको, असं विणणाऱ्या बाकीच्या बायकांनी सांगितलं. नवरा गमावलेल्या बाईसाठी त्या गावात एक कायमचा धंदा होता, लोकांचे कपडे धुण्याचा. ॲडाला तोही बंद. तिने रेल्वे स्टेशनची वेटिंग रूम पुसून मुलगी वाढवली. १९६१ साली ती गेली तेव्हा प्रेताला खांदा देणाऱ्यांच्या मागे उभी असलेली एक शेजारीण म्हणाली, "आता त्या नऊजणांना तोंड दाखवावं लागेल तिला." हिल्डाने ते ऐकलं. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती, स्वतः जाळी विणून बोटांची पेरं सुजलेली. तिला कारखान्याने घेतलं होतं. कपडे काही तिने धुतले नव्हते.

आणि ज्याने सोमवारी जहाज काढलं त्याला कुणी काही विचारलं नाही.

खरं तर विचारण्यासारखं आणखीही होतं. 'एल्डरबेरी'च्या कप्तानाचा दुय्यम त्या खेपेला मनगट मोडल्यामुळे घरी राहिला होता. जहाज बुडाल्याची बातमी पक्की झाल्यावर तो ॲडाच्या स्वयंपाकघरात आला. मासे साठवायच्या तळघरावरच्या झाकणाच्या फळ्या फुटलेल्या होत्या, वर नुसती ताडपत्री ओढलेली होती, असं त्याने सांगितलं. मोठी लाट आली तर पाणी सरळ आत. त्याने हे कारभाऱ्याच्या कानावर घातलं होतं. कारभारी म्हणाला होता, पुढच्या खेपेच्या आधी बघू. आठ वर्षांची हिल्डा त्याच टेबलाशी बसून हे ऐकत होती. चौकशीत त्या माणसाला बोलावलंच नाही.

या गोष्टीला जवळजवळ ऐंशी वर्षं झाली, आणि हॅल्बीने म्युझियम काढायचं ठरवलं. मासेमारी संपून पंचवीस वर्षं उलटली होती. मासेमारी होती तेव्हा गोदीत पर्यटक फिरकले नव्हते. आता यावेत अशी इच्छा होती. म्युझियमची माणसं टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्यांच्या घरी गेली. हिल्डाकडेही आली. तिने सगळं सांगितलं, आईचं, फळ्यांचं, सोमवारचं. आवाज वापरायची परवानगीही दिली. म्हणाली, "इतकी वर्षं त्या बायका बोलल्या. आता मी बोलते."

२००६च्या वसंतात, उद्घाटनाच्या थोडं आधी, आठवणी देणाऱ्यांना म्युझियम पाहायला बोलावलं. हिल्डाला गाडीतून नेलं डॉक्टर वैजयंती आजगावकर यांनी. वैजयंतीबाई १९७४ साली सावंतवाडीहून, मुंबईमार्गे, या गावात आल्या आणि निवृत्त होईपर्यंत इथेच डॉक्टरकी केली. हिल्डाच्या बोटांना पंचवीस वर्षं औषध त्यांनीच दिलं. आता दोघी गुरुवारी एकत्र चहा घेतात आणि एकमेकींच्या चहाला नावं ठेवतात.

हॉलच्या मधोमध एक टचस्क्रीन होता. त्यावर खेळ: 'तुमचा माणूस घरी येईल का?' पडद्यावर एक घर, एक बाई, आणि सहा चित्रं. शीळ घातली, हिरवा रंग घातला, डुकराचं नाव घेतलं, असे मच्छीमारांचे काही ना काही अपशकुन. कुणाच्या तरी नातवाने कपड्यांच्या दोरीवर बोट ठेवलं. पडद्यावरचं जहाज कलंडलं, बुडबुडे आले, आणि स्पीकरमधून हिल्डाचा आवाज आला, "आईने त्या दिवशी कपडे धुतले."

एवढंच वाक्य. पोरगा खूश होऊन टाळ्या वाजवू लागला. त्याने पुन्हा दोरीवर बोट ठेवलं.

हिल्डा उभी होती. वैजयंतीबाईंनी खुर्ची ओढली तर म्हणाली, "नको. अजून किती वेळा बुडवतोय ते बघू दे."

तो खेळ बनवणारा मुलगा त्या आठवड्यात वैजयंतीबाईंच्याच वरच्या खोलीत राहत होता. प्रणव ढमढेरे, पुण्याचा, वर्क परमिटवर लीड्सच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. म्युझियमचे स्क्रीन बसवायला तो हॅल्बीत आला होता, आणि एका ओळखीतून दुसरी ओळख निघत निघत त्याला मराठी जेवण मिळणारं घर सापडलं होतं. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला तेव्हा टेबलावर हॅडॉक माशाचं तिखलं आणि भात होता आणि वैजयंतीबाई उभ्याच होत्या.

"काकू, आज वास काय सुटलाय! मी रस्त्यातच गेस केलं."

"बस. आधी सांग, ते कपडे वाळत घातले की जहाज बुडतं, ती अक्कल कुणाची?"

"म्युझियमच्या गेमची? ब्रीफ तिथल्या मॅनेजर कॅरोलिनचं, डिझाइन माझं. का हो? पोरांना जाम आवडतोय तो."

"दिसलं ते. हिल्डाच्या आवाजाची बाकीची वाक्यं कुठे गेली?"

प्रणव जरा सावरून बसला. "काकू, ती मी मुद्दाम काढली. म्हणजे चांगल्यासाठीच. बघा ना, ती पुढे स्वतःच्या वडिलांनाच ब्लेम करते. कानांनी ऐकलंय मी. 'कपड्यांनी नाही झालं, हजबंडने केलं. हजबंडला फळ्यांचं माहीत होतं.' बुडालेल्या माणसाचीच चूक, असं म्युझियममध्ये लावायचं? बरं दिसेल ते? मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून काहीतरी निघून गेलं असेल."

वैजयंतीबाई खुर्ची ओढून बसल्या.

"अरे गाढवा, हजबंड म्हणजे तिचा बाप नव्हे. शिप्स हजबंड! कंपनीचा किनाऱ्यावरचा माणूस. जहाजाची दुरुस्ती, सामान, कधी निघायचं, सगळं त्याच्या हातात. आपल्याकडे नाही का गावाकडची बाई नवऱ्याला कारभारी म्हणते? इथे उलटं. इथे कारभाऱ्याला नवरा म्हणतात. जहाजाचा नवरा."

"हे कुठे लिहिलेलं नव्हतं हो."

"विचारायचं होतंस. घर दोन गल्ल्यांपलीकडे आहे तिचं."

"पण काकू, इट्स जस्ट अ गेम. सुपरस्टिशन आहे, लोकांना माहितेय ते खरं नसतं."

"बरं. मग मला सांग, नवरा मेल्यावर ज्या सुनेला घरात बोल लावतात, तिला आपल्याकडे काय म्हणतात?"

"काकू, प्लीज."

"शब्द सांग. पुण्याचा आहेस ना, मराठी पक्की असेल."

प्रणवने ताटातला घास फिरवला. "पांढऱ्या पायाची."

"हां. आता त्याच्यावर एक गेम कर. सून उंबरठा ओलांडते, पोरांनी बोट ठेवलं की नवरा मरतो. बुडबुडे काढ वर. आणि आवाज तिच्या मुलीचा लाव."

वैजयंतीबाईंनी त्याला आणखी भात वाढला आणि तो त्याने सगळा खाल्ला, हे त्यांनी नंतर तक्रारीच्या सुरात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रणव हिल्डाच्या घरी गेला. दारातच माफी मागायला लागला तर तिने त्याला आत ढकललं.

"लग्न झालंय का तुझं, लव्ह?"

"नाही, मिसेस मार्फ्लीट."

"तरीच. नवरे किती तऱ्हेचे असतात ते तुला कुठून कळणार?"

मग तिने त्याला सगळं पुन्हा सांगितलं आणि त्याने पहिल्यांदा सगळं ऐकलं. निघताना त्याने विचारलं की गेममध्ये काय हवं. ती म्हणाली, "काही नको. आईने कपडे धुतले तर जहाजाला काय होतं? काही नाही होत. तेवढं दाखव."

प्रणवने तेवढंच केलं. त्याच्या नव्या खेळात दोरीवर बोट ठेवलं की कपडे वाळायचे. शीळ घातली की शीळ ऐकू यायची. जहाजाला काही व्हायचं नाही. ते कधी परतायचं, कधी नाही, आणि बाईने काय केलं त्याचा त्याच्याशी संबंध नसायचा. म्युझियमच्या व्यवस्थापिका कॅरोलिन यांनी तो खेळून पाहिला आणि म्हणाल्या, "हे कंटाळवाणं आहे. खेळणाऱ्याच्या हातात काहीतरी असायला हवं ना?"

प्रणव म्हणाला, "बायकांच्या हातात काहीच नव्हतं. ज्याच्या हातात होतं त्याला खेळू द्या."

असा तिसरा खेळ तयार झाला. त्यात खेळणारा स्वतः जहाजाचा नवरा. जुनं जहाज, जानेवारी महिना, फुटक्या फळ्या, बाजारात चढा भाव. आज काढणार की दुरुस्त करून? कॅरोलिनबाईंना हा आवडला. खरोखर आवडला; त्यांनी घरी नेऊन आपल्या मुलींकडूनही खेळवून घेतला. शेवटी हिल्डाचा आवाज पूर्ण लागत होता, पहिल्या वाक्यापासून फळ्यांपर्यंत.

आणि मग हा खेळ म्युझियमच्या विश्वस्त मंडळापुढे गेला. म्युझियमच्या नव्या दालनाचा खर्च गावातल्या एका शीतगृहाच्या मालकाने उचलला होता. आजोबांच्या नावाने. त्याचे आजोबा 'एल्डरबेरी'च्या कंपनीत होते. जहाजाचे नवरे होते.

त्यानंतर जे घडलं त्यात कुणी ओरडलं नाही, कुणी धमकी दिली नाही, आणि म्हणूनच ते नीट सांगायला हवं. मंडळाने एक अतिशय सभ्य मुद्दा काढला. फळ्यांबद्दलची हकीकत एका माणसाने एका स्वयंपाकघरात सांगितलेली, एका लहान मुलीने ऐकलेली. तिला आधार नाही. म्युझियमला पुराव्याशिवाय कुणावर ठपका ठेवता येत नाही.

बरोबर आहे. म्युझियमने तसं करूही नये. पण हाच नियम कपड्यांच्या दोरीला कुणी लावला नाही. ॲडाने बुडवलं, याला काय आधार होता? मागच्या गल्लीतल्या बायकांची नजर. तो ठपका रंगीत चित्रासह टचस्क्रीनवर चढला, तेव्हा मंडळातल्या एकालाही पुरावा आठवला नाही. बाईला दोष देणं ही लोकपरंपरा ठरली, भिंतीवर लावण्यासारखी. पुरुषाला दोष देणं ही बदनामी ठरली.

कॅरोलिनबाई तडजोड घेऊन हिल्डाकडे आल्या. वैजयंतीबाई तिथे होत्या, गुरुवार होता. तडजोड वाईट नव्हती. कपड्यांचं चित्र कायमचं काढून टाकू. भिंतीवर एक फलक लावू, की अशा समजुतींमुळे ॲडा मार्शलसारख्या निरपराध बायकांना आयुष्यभर सोसावं लागलं. नावासकट. हिल्डाचा आवाजही राहील, 'कपड्यांनी नाही झालं ते' इथपर्यंत. फक्त नवरा आणि फळ्या ही शेवटची दोन वाक्यं गाळायची. 'एल्डरबेरी' अज्ञात कारणाने बुडाली, असं खाली लिहायचं.

म्हणजे आईला सोडायला म्युझियम तयार होतं. अट एकच, तिच्या जागी दुसरं कुणी उभं करायचं नाही.

वैजयंतीबाईंना वाटलं, हिल्डा घेईल. तिच्या जागी त्या असत्या तर त्यांनी ही तडजोड घेतली असती, असं त्या अजूनही म्हणतात. सत्त्याऐंशी वर्षांचं वय, आणखी कशाची वाट पाहायची? आईचं नाव भिंतीवर, निरपराध या शब्दाशेजारी. ज्यांनी पाठ फिरवली त्यांची नातवंडं ते वाचतील. हिल्डाने आयुष्यभर हेच तर मागितलं होतं.

हिल्डाने तो मजकूर चष्मा लावून दोनदा वाचला.

"छान लिहिलंय. पण मग मेले कशाने ते?"

"आपल्याला ते माहीत नाही, मिसेस मार्फ्लीट."

"तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे. तुम्ही इथे बसून मला सांगताय की माझी आई चांगली होती. ते मला ठाऊक होतं हो, मी तिच्याबरोबर राहत होते."

"पण यामुळे त्यांच्यावरचा डाग जाईल."

"कसला डाग? तिने कपडे धुतले. सोमवारी सगळेच धुतात." तिने कागद परत दिला. "नऊजण मेले आणि कुणाचीच चूक नव्हती, हे माझ्या आवाजात नको. तेवढ्यासाठी दुसरी बाई शोधा."

कॅरोलिनबाईंचे डोळे भरून आले होते, असं वैजयंतीबाई सांगतात. हिल्डाने त्यांना चहा दिला आणि परवानगी काढून घेत असल्याच्या कागदावर सही केली. कॅरोलिनबाई वाईट नव्हत्या. या साऱ्या प्रकरणात वाईट असं कुणीच नव्हतं. १९२७ सालीही नसावं. चांगली माणसं सभ्यपणे गप्प बसली, की काम भागतं.

मे महिन्यात म्युझियम उघडलं, तो पहिलाच खेळ घेऊन. कपड्यांचं चित्र खेळात नाही. प्रणवने ते काढलं आणि लीड्सच्या कार्यालयाला कळवलं की तो बग होता. ते कुणी परत मागितलं नाही. ॲडाबद्दलचा फलक मात्र लागला नाही, कारण तो हिल्डाच्या आवाजाबरोबरच यायचा होता. दालनात नऊ नावं आहेत, खाली 'कारण अज्ञात'. दारावर दात्याच्या आजोबांचं नाव आहे, त्या नऊ नावांपेक्षा बऱ्याच मोठ्या अक्षरांत.

हिल्डा उद्घाटनाला गेली नाही. त्या आठवड्यात ती वैजयंतीबाईंबरोबर गावच्या वाचनालयात गेली. प्रणवने तिला पूर्ण मुलाखतीची सीडी करून दिली होती, एकही वाक्य न कापता. स्थानिक इतिहासाच्या कपाटापाशी बसणारा ग्रंथपाल तरुण होता, इंग्लंडच्या दक्षिणेकडून कुठून तरी आलेला. सीडी ठेवून घ्यायला तो लगेच तयार झाला. नोंद करायला त्याने विचारलं, "विषय काय लिहू? हॅल्बीच्या आठवणी? मच्छीमारांच्या समजुती?"

"समजुती नाहीत त्यात," हिल्डा म्हणाली. "लिहा, 'एल्डरबेरी' का बुडाली."

त्याने तसं लिहिलं. मग, कामाचाच भाग म्हणून, मान वर न करता विचारलं, "का बुडाली?"

हिल्डाने खुर्ची ओढली आणि बसली.